तंजावरची प्राणिशाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत मला तंजावरवर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा चिटणीसांची अपेक्षा काय असावी हे मी ओळखून होतो. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी स्थापन केलेले राज्य, बृहदीश्वराचे गगनचुंबी विमान, सरस्वती महालातील हस्तलिखिते आणि शेवटी, जेवणाची वेळ जवळ आल्याची सूचना म्हणून, सांबाराच्या जन्माची दंतकथा, असा या विषयाचा राजमार्ग ठरून गेलेला आहे. त्या मार्गाने अनेक थोर वक्ते जाऊन आले आहेत. मी आज आपणांस एका आडवाटेने नेणार आहे. तंजावरच्या राजवाड्यात एके काळी जी जनावरे आणि जे पक्षी बाळगलेले होते त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. विषय पोरकट वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला होता.

झाले असे की, काही वर्षांपूर्वी मी कुटुंबासह तंजावरला गेलो होतो. बरोबर सात वर्षांची नात होती. ती या परक्या देशात जन्मलेली, मराठी समजणारी, परंतु उत्तर इंग्रजीत देणारी. आपणां सर्वांच्या घरी अशी एखादी नात आहेच. राजवाड्याच्या आवारात देवमाशाचा एक प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे. चोळकालीन कांस्यमूर्तींकडे पाठ फिरवून मुलगी त्या सांगाड्यापुढे जी उभी राहिली ती हलेना. शेवटी तिने विचारले, आणि आश्चर्य म्हणजे मराठीत विचारले, "आजोबा, हा मासा राजाने पाळला होता का?"

मी हसलो. तो देवमासा १९५५ साली तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेला, म्हणजे राजा, राज्य आणि राजदंड जाऊन बरोबर शंभर वर्षे झाल्यावरचा, हे मी तिला समजावून सांगितले. तिचे समाधान झाले नाही. "मग राजाने काय पाळले होते?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या उत्तराचा, थोडा उशिरा केलेला, प्रयत्न आहे.

राजा म्हणजे दुसरे सरफोजी महाराज. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी महाराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. गादी अमरसिंहाकडे गेली आणि दहा वर्षांचा दत्तकपुत्र वाड्यातच नजरकैदेत पडला. अंधाऱ्या खोलीत, शिक्षकावाचून, जवळजवळ कोंडून ठेवलेल्या या मुलाची दाद श्वार्ट्झ नावाच्या वृद्ध जर्मन मिशनऱ्याने कंपनी सरकारपर्यंत नेली. मुलाला मद्रासेस हलवण्यात आले, तेथे त्याचे शिक्षण झाले, आणि १७९८ मध्ये त्याला गादी मिळाली. लगेच पुढल्या वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, तहाच्या कागदावर त्याची सही घेऊन कंपनीने राज्यकारभार आपल्याकडे घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि वाडा, सालिना एक लक्ष पगोडा व महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा तरुण, भरपूर पैसा, पुढे सारे आयुष्य, आणि करावयास राज्य नाही. हिंदुस्थानातील अशा स्थितीतल्या राजेलोकांनी काय केले ते आपणांस ठाऊक आहे. सरफोजींनी जे केले ते मात्र निराळे आहे.

त्यांच्या नावासंबंधी एक गंमत येथेच सांगून टाकतो, कारण ती विषयाला धरून आहे. सरफोजी हे नाव भोसल्यांच्या घराण्यात आले ते शहाजीराजांचे बंधू शरीफजी यांच्यापासून. आणि शरीफजी हे नाव नगरच्या शाहा शरीफ या पिराच्या नवसाचे असे परंपरा सांगते. तेच नाव कावेरीकाठी पोहोचले तेव्हा तेथील पंडितांनी त्याचे केले शरभोजी, आणि काव्यांतून शरभेंद्र. शरभ म्हणजे कोण? सिंह आणि पक्षी यांच्या मिश्रणाने झालेला, आठ पायांचा, नरसिंहाचाही क्रोध शमविणारा पुराणातला अद्भुत प्राणी. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथील चोळांच्या मंदिरात त्याची पूजा आजही चालते. एका सूफी पिराचे नाव मराठी मुखातून तामिळ देशी गेले आणि त्याचे एक जनावर झाले, तेही सगळ्या जगात कोणत्याच राजाच्या शिकारखान्यात सापडणार नाही असे! दूरदेशी गेलेल्या माणसाच्या नावाचे काय काय होते हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगावयास नको. आमच्या पुरुषोत्तमाचा 'पॅट' झाला, त्यापेक्षा हे रूपांतर कितीतरी भाग्याचे.

आता राजेलोकांनी जनावरे बाळगणे यात नवीन काहीच नव्हते. हत्तिखाना, उष्ट्रखाना, पागा, शिकारखाना ही तर कारखान्यांच्या यादीतली ठराविक नावे. माहूत, मोतद्दार, बाजदार, चित्तेवान हे पिढीजात पेशे होते. जहांगीर बादशहाकडे १६२१ मध्ये झेब्रा आला, तेव्हा हे पट्टे कोणी रंगाने ओढले असावेत अशी शंका दरबारात घेण्यात आली, आणि खात्री करून घेतल्यानंतरच ते निसर्गाचे काम आहे हे मान्य झाले. त्या झेब्र्याचे उस्ताद मन्सूरने काढलेले चित्र उपलब्ध आहे. आपल्या पुण्यात सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. त्यांत वाघ-चित्त्यांबरोबर सिंह होता आणि गेंडाही होता. वाद्यांच्या नादावर काळविटे जवळ येत व खेळ करीत, असे इंग्रज वकील मॅलेट याने लिहून ठेवले आहे. पुढच्या काळात कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी शिकारी चित्ते होते, आणि साठमारीत हत्ती झुंजविण्याचा खेळ कोल्हापूर-बडोद्याच्या जुन्या लोकांच्या आठवणीत अगदी परवापर्यंत होता. या देशातला चित्ता त्यानंतर संपला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्यप्रदेशातील कुनो येथे आणून सोडले, ते त्याच्या परतीचे पाऊल. परंतु कोल्हापूर संस्थानानेही अखेरच्या काळात आफ्रिकेतूनच चित्ते आणविले होते, हे या निमित्ताने फार थोड्यांना आठवले.

चित्त्याची गोष्ट निघाली आहे तर तंजावरशी तिचा एक धागा जोडलेला दाखवितो. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला एक हिंदुस्थानी चित्ता नजर केला होता. १७६४ मध्ये विंडसरच्या उपवनात त्याला एका सांबरासारख्या मोठ्या हरणावर सोडून शिकारीचा प्रयोग करून दाखविण्यात आला. हरणाने शिंगांवर घेऊन चित्त्यालाच पिटाळून लावले! स्टब्ज या चित्रकाराने तो चित्ता, ते हरीण आणि चित्त्याला सांभाळण्यास बरोबर गेलेले दोन हिंदी चाकर यांचे एक भव्य चित्र काढले, ते मँचेस्टरच्या कलादालनात आहे. त्या चित्रापुढे मी उभा राहिलो तेव्हा माझी नजर चित्त्याकडे गेलीच नाही. पांढरे अंगरखे आणि पागोटी घातलेली ती दोन माणसे, त्या ढगाळ हवेत, कोणाच्यातरी हौसेपायी, इतक्या दूर! असो. हाच पिगट दुसऱ्यांदा गव्हर्नर होऊन आला, आणि अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर १७७३ मध्ये पदच्युत केलेल्या तुळजाजी महाराजांना त्याने १७७६ मध्ये स्वतः तंजावरला जाऊन पुन्हा गादीवर बसविले. त्याबद्दल त्याच्याच कौन्सिलने त्याला अटकेत टाकले आणि अटकेतच तो मेला. पिगट तंजावरला गेला नसता तर तुळजाजींना दत्तक घेण्यासाठी राज्य उरले नसते आणि मला आज व्याख्यानासाठी विषय उरला नसता.

तर मग सरफोजींच्या प्राणिशाळेत निराळे काय होते? तामिळ देशातील पहिली प्राणिबाग त्यांनी तंजावरच्या वाड्याच्या आवारात उभी केली असे तिचे वर्णन केले जाते. परंतु पहिली की दुसरी, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. आपल्या लोकांना 'पहिला' या शब्दाचे फार वेड. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ही प्राणिशाळा ज्या माणसाने उभी केली त्याच्या टेबलावर लिनियस आणि ब्यूफाँ यांचे ग्रंथ होते.

बिशप हेबर १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरास आला. त्याने आपल्या पत्रात या राजाविषयी जे लिहिले त्याचा आशय असा, की हा मनुष्य फूर्क्रॉय, लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांची नावे व मते सहज बोलण्यात आणतो, शेक्सपिअरच्या गुणदोषांचे त्याला भान आहे, घोड्याची उत्तम पारख आहे, आणि वाघावर त्याची गोळी चुकत नाही. शेवटचे वाक्य मी मुद्दाम गाळले नाही. आपल्या थोर पुरुषांना आजच्या सोवळ्यात बसविण्यात अर्थ नाही. सरफोजी शिकार करीत. जिवंत प्राणी पाहण्याचा आणि मारण्याचा छंद त्या काळी एकाच मनुष्यात सुखाने नांदत असे, यात विसंगती आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

लिनियस तंजावरला कसा पोहोचला याचे कोडे फारसे अवघड नाही. शंभरएक किलोमीटरवर तरंगंबाडी ही डेन्मार्कची वखार होती. लिनियसचा खुद्द शिष्य योहान कोनिग १७६८ मध्ये तेथे आला. त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांतच वनस्पती, मासे, शंख-शिंपले गोळा करणाऱ्यांची एक पंगत तयार झाली. क्रिस्टॉफ जॉन नावाच्या मिशनऱ्याने तेथून युरोपात धाडलेल्या माशांवरून ब्लॉख या शास्त्रज्ञाने एका माशांच्या कुळाला 'जॉनियस' हे नाव दिले, ते आजही चालते. कोळ्याच्या जाळ्यात आलेला मासा खाण्यासाठी, विकण्यासाठी किंवा देवाला वाहण्यासाठी नसून, आधी नीट पाहण्यासाठी असतो, ही नवीन दृष्टी त्या किनाऱ्यावर उतरली होती. आणि ज्या राजाचे बालपण अंधाऱ्या खोलीत गेले त्याने ती आपलीशी केली. त्या खोलीचा आणि या पाहण्याच्या हौसेचा संबंध असावा असे माझ्या मनाला वाटते. हे माझे अनुमान आहे; इतिहासाचार्यांनी रागावू नये.

पाहिलेले ते उतरून ठेवले पाहिजे, हा सरफोजींचा दुसरा विशेष. येथे पुण्याशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र १७९० मध्ये गंगाराम तांबट या आपल्या मराठी चित्रकाराने काढले. कसबी हात मराठी, गेंडा पेशव्यांचा. परंतु काढून घेणारा मॅलेट. म्हणून ते चित्र आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहे. पेशव्यांच्या मनात ते आले नाही. गेंडा वैभवाचा, त्याने वैभव दाखविले की काम झाले. तंजावरला चित्रे काढविणारा राजाच होता. बाळकृष्णाच्या गालांवर रंग आणि दागिन्यांवर सोन्याचा वर्ख चढविण्यात ज्या शहराच्या चित्रकारांची हयात जात होती, त्या शहरात औषधी वनस्पतींची पाने शिरांसकट रंगू लागली, नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे टिपणांसह निघू लागली. तंजावरच्या चित्रकारांनी काढलेल्या पशुपक्ष्यांच्या चित्रांचा एक संग्रह रेसिडेंट बेंजामिन टोरिन याच्या हातून कंपनीच्या ग्रंथालयात गेला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोन्याचा वर्ख लावण्यास शिकलेल्या हाताला साध्या पिसाचा करडा रंग जसाच्या तसा साधणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना ज्यांनी कधी कुंचला धरला आहे त्यांनाच येईल.

आणि जनावर आजारी पडले तर? धन्वंतरी महाल ही सरफोजींची वैद्यकीय संस्था. तेथे माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत. ही परंपरा मात्र परदेशातून आलेली नव्हती. पालकाप्य मुनींचे गजशास्त्र, नकुलाचे अश्वशास्त्र यांच्या सचित्र पोथ्या सरस्वती महालात आहेत, आणि ग्रंथालयाने त्या अनुक्रमे १९५८ व १९५२ मध्ये रंगीत चित्रांसह छापूनही काढल्या. हत्तीला मद केव्हा येतो, कोणत्या लक्षणांचा घोडा घरात आणू नये, हे सारे त्यांत आहे. त्यातील पुष्कळसे आज कोणी मानणार नाही. पण पालकाप्य आणि ब्यूफाँ एका छपराखाली, एकाच मालकाच्या दोन कपाटांत होते, आणि मालकाने एकासाठी दुसऱ्याला घराबाहेर काढले नाही. इंग्रजी ग्रंथ विकत घेऊन त्यांवर तो आपली सही करी. त्या सह्या आजही पाहावयास मिळतात.

या प्रकरणातील मला सर्वांत प्रिय असलेला भाग आता सांगतो. १८०५ मध्ये सरफोजींनी वाड्यात देवनागरी छापखाना काढला. नाव दिले 'नवविद्याकलानिधिशाळा'. तेथून पुढल्याच वर्षी जे मराठी पुस्तक निघाले ते कोणते? वंशावळी नव्हे, स्तोत्र नव्हे, राजाची स्तुती नव्हे. ते होते 'बालबोध मुक्तावली', म्हणजे इसापच्या नीतिकथा, सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या! मराठी छपाई तेव्हा नुकती डोळे उघडीत होती. बंगालमध्ये श्रीरामपूरला केरीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले होते. मुंबई-पुण्याकडे मराठी मुलांसाठी छापील पुस्तक कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा पुण्याहून हजार किलोमीटरवर, तामिळ बोलणाऱ्या मुलखात, मराठी मुलांच्या हातात कोल्हा, लांडगा, सिंह आणि करकोचा छापील अक्षरांतून आले. कथेतले जनावर पुस्तकात, आणि खरे जनावर वाड्याच्या आवारात. महाराजांनी स्वतः रचलेल्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कुरवंजी बाई नायिकेला चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. देश, खंड, समुद्र, सगळे. ज्या नाट्यप्रकारात तिने नायिकेचा हात पाहून प्रियकर केव्हा भेटेल ते सांगावयाचे, त्यात तिच्या तोंडी युरोप, आफ्रिका, अमेरिका! प्रेक्षक कंटाळले असतील का? थोडे कंटाळले असतील. पण मुलांनी ऐकले असेल.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, आणि तो मला वजनदार वाटतो, की हे सारे एका निःसत्त्व राजाचे खेळ होते. राज्य गेले, म्हणून पिंजरे मांडले. कंपनीने राजाला किल्ल्याच्या चार भिंतींत ठेवला, राजाने जनावरांना. इंग्रज पाहुणे येत, राजा पाहत, राजाची पुस्तके पाहत, राजाचे प्राणी पाहत, आणि घरी जाऊन तिन्ही गोष्टींचे एकाच कौतुकाने वर्णन लिहीत. हे खोटे नाही. कलकत्त्याजवळ बराकपूरला लॉर्ड वेलस्लीने त्याच सुमारास प्राणिसंग्रह मांडला होता. त्याची कोणी राजकीय दुबळेपणाशी सांगड घातली नाही, कारण तो जेत्याचा होता. जेत्याचे ते शास्त्र आणि जिताचा तो छंद, असा न्याय असतो. परंतु दोन्हीही एकाच प्रकारे पिंजरे होते आणि पिंजऱ्यातील जनावराला त्यांच्या मालकांतला फरक कळत नव्हता, हेही आपण मान्य केले पाहिजे. सरफोजींना या आक्षेपाची जाणीव असावी. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा सबंध इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या शिळेवर, तामिळ देशात, मराठीत. ज्याला आपण पुसले जाऊ अशी धास्ती नाही तो मनुष्य इतकी अक्षरे दगडात कोरीत नाही.

सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज यांचा अंत २९ ऑक्टोबर १८५५ रोजी झाला, पुत्रसंतान नव्हते, आणि कंपनीने वारस नाही म्हणून गादी खालसा केली. त्याच महिन्याच्या ७ तारखेस मद्रासला अर्काटचे नबाब गुलाम गौस खान वारले होते; तीही गादी तशीच बुडाली. आणि त्याच १८५५ साली मद्रासच्या संग्रहालयाचा प्रमुख डॉक्टर एडवर्ड बाल्फर याने तेथील आवारात सार्वजनिक प्राणिबाग सुरू केली होती! संग्रहालयात भुसा भरलेल्या पक्ष्यांपेक्षा आवारातील मोजकी जिवंत जनावरे पाहण्यासाठी लोक अधिक येतात, हे त्या चतुर माणसाच्या लक्षात आले. त्याने नबाबांचे मन वळवून त्यांचा सबंध प्राणिसंग्रह मिळविला. वर्षभरात तेथे तीनशेहून अधिक प्राणी झाले. तीच बाग पुढे पीपल्स पार्कमध्ये गेली आणि १९८५ मध्ये वंडलूरच्या विस्तीर्ण रानात तिचा नवा जन्म झाला. राजेलोकांच्या जनावरांचे लोकांच्या जनावरांत रूपांतर झाले ते असे, एका वर्षात, दोन राजघराण्यांच्या तिरड्यांवरून.

तंजावरात काय घडले? १८५६ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने शिपाई घेऊन वाड्यात प्रवेश केला आणि खाजगी मालमत्तेवरही शिक्के मारले. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. ही राजसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयास हात घालता येत नाही, असे सांगितले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो खटला आजही शिकवतात. अखेर १८६२ मध्ये सरकारने आपण होऊन मालमत्ता कुटुंबास परत केली. सहा वर्षे! पेटीला शिक्का मारता येतो, दालनाला टाळे लावता येते, दागिन्यांची यादी करता येते. पण हत्तीला रोज वैरण लागते, घोड्याला चंदी लागते, आणि पिंजऱ्यातला पक्षी प्रिव्ही कौन्सिलच्या तारखेची वाट पाहू शकत नाही. पुस्तके मात्र वाट पाहू शकतात. त्यांनी वाट पाहिली. १९१८ मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुला झाला.

हा भेद माझ्या मनात तेव्हापासून घोळतो आहे, आणि प्रांजळपणे सांगतो, आजचा विषय निवडण्याचे खरे कारण तेच आहे. आमच्या कार्यकारिणीपुढे गेल्या वर्षी एक ठराव आला होता. मंडळाची जागा लहान पडते, भाडे वाढले आहे, मराठी पुस्तकांची पाच कपाटे कोणी उघडीत नाही, सबब ती काढून टाकावीत आणि त्या जागेत मुलांसाठी काही करमणुकीची सोय करावी. ठराव मांडणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. पुस्तके कोणी उघडीत नाही, हे खरे आहे. मुलांसाठी जागा हवी, हेही खरे आहे. त्या कपाटांत पन्नास वर्षांच्या सभांचे वृत्तान्त आहेत, पहिल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च आहे, हिमवादळात अडकून पडलेल्या एका नवविवाहित जोडप्याला मंडळाने महिनाभर आसरा दिला त्याची नोंद आहे. आमच्या मुलांनी बसविलेल्या नाटकांच्या हस्तलिखित प्रती आहेत. ठराव त्या दिवशी एका मताने तहकूब झाला. तो पुन्हा येणार आहे.

आपल्या उत्सवांना जी गर्दी होते, नाटकांना ज्या टाळ्या पडतात, दिवाळीच्या फराळाला जो सुगंध असतो, त्यांची मला किंमत नाही असे कोणी समजू नये. ते आपले जिवंत प्राणी आहेत. त्यांच्यासाठीच लोक येतात. बाल्फरसाहेबांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. परंतु त्यांना रोज चारा घालणारे हात हवेत आणि ते हात म्हातारे होत चालले आहेत. माझेच पाहा ना.

तंजावरला परत जातो. नातीच्या हट्टासाठी आम्ही वाड्यात सबंध दुपार काढली. बाहेर पडताना सावलीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकून उठले. स्थूल, उघडे अंग, कपाळाला विभूती, वेष पूर्णपणे तामिळ. त्यांनी विचारले, आपण कोठून आलात? मराठीत. मराठी खरी, पण शब्द आमच्या पणजोबांच्या वेळचे आणि हेल कावेरीचा. चार वाक्यांनंतर ती कानांना सवयीची झाली. त्यांचे पूर्वज दहा-अकरा पिढ्यांपूर्वी आलेले. मूळ गावाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, महाराष्ट्रात ते उभ्या आयुष्यात गेले नव्हते. घरात अजून बोलतो, म्हणाले. लिहिता मात्र तामिळ येते. वाड्यातील मोडी कागदांची हजारो पाने आहेत, पण त्यांच्या घरात मोडी वाचू शकणारा त्यांचा आजोबा शेवटचा. ते सांगताना त्यांच्या स्वरात खंत नव्हती, जणू पावसापाण्याविषयी बोलावे तसे ते बोलत होते.

नात त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने तोच प्रश्न, पुन्हा मराठीत, त्यांना विचारला: राजाने काय काय पाळले होते? ते तिच्यापुढे वाकले, आणि तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. काय सांगितले ते तिने आम्हांला अद्याप सांगितलेले नाही. मोठ्यांना कळणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि इसापच्या गोष्टी माझ्याकडून मराठीत वाचून घेण्याचे तिचे वय सरले आहे. पण मागच्या महिन्यात तिने आपण होऊन विचारले, की आजोबा, मोडी शिकायला किती दिवस लागतात?

कपाटांच्या किल्ल्या सध्या माझ्याकडे आहेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या जागेत बसतो. पहिल्या वर्षाच्या वृत्तान्ताची पाने सुटू लागली आहेत, त्यांना जपानी कागदाची चिकटपट्टी लावावयाची आहे. शाई पुसट झालेली नावे वाचण्यास जुन्या सभासदांची मदत हवी. चहा मी करून ठेवीन. येताना चष्मा विसरू नये.